शेऱ्याचा रकाना

आचारसंहिता लागली की
वाळपईच्या ठाण्यात बंदुका येतात.
कदंबाच्या मागच्या सीटवरून, पोत्यात गुंडाळून,
स्कूटरवर पायांपाशी आडव्या,
एक तर छत्रीच्या पिशवीतून आली, दस्ता बाहेर.
मी पावती फाडते.
नाव, वाडा, परवाना क्रमांक, एकनळी की दुनळी,
काडतुसं किती.
शेवटी शेऱ्याचा रकाना, बोटभर रुंद.
तिथे मी अकरा वर्षं 'ठीक' लिहीत आलेय.

झिलू माजिकाची बायको त्याच्या मागे उभी होती.
निघताना हळूच म्हणाली,
"बाय, ह्या निवडणुका वर्षातून किती वेळा घेता येतात?"
झिलू हसला.
ती हसली नाही.

पलीकडच्या वाड्यावरचा सोयरू गावस
काजूच्या भाटात वाकून बोंडं वेचत होता.
पहाट होती. अंगावर काळी घोंगडी.
परवाना मामाचा, बोट भाच्याचं,
आणि डुकरासाठी भरलेलं काडतूस.
पंचनाम्यात मी लिहिलं : शस्त्र वैध.
खरंच होतं वैध.
बादली कलंडलेली, बोंडांना मुंग्या लागलेल्या,
आणि कागद सगळे जागच्या जागी.

तेव्हापासून रात्री मनातल्या मनात
मी दुसराच फॉर्म छापते.
चष्म्याचा नंबर काय?
संध्याकाळी किती घेता? (खरं लिहा.)
बंदूक कुठल्या खोलीत, कुलूप कुठलं,
किल्ली कुठे आहे हे घरातल्या कुठल्या पोराला ठाऊक आहे?
मागच्या भांडणात नजर भिंतीवरच्या खुंटीकडे गेली होती का?
आणि खाली सही :
अर्जदाराची नको,
त्याच्या शेजारी झोपणारीची.

सातव्या दिवशी रांगेत बाबा.
बंदूक आजोबांच्या वेळची, दस्त्यावर पितळी तार गुंडाळलेली.
"नाव?" मी विचारलं. विचारावं लागतं.
"तुझंच आडनाव लिही," तो म्हणाला, आणि रांग हसली.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं,
आज तारीख काय दिसते?
तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, "शुक्रवार."
परवाना आणखी दोन वर्षं चालणार होता.
मी 'ठीक' लिहिलं.

निकाल लागला, ढोल वाजले, बंदुका परत गेल्या.
बाबाही आला, सही करून घेऊन गेला.
वायंगणातलं भात डुकरांनी एका रात्रीत
चटईसारखं लोळवलं होतं.
भरपाईचा अर्ज कृषी कार्यालयात,
तिथून वनखात्यात, तिथून परत.
"तुझा कायदा," तो म्हणाला,
"माझ्याबरोबर राखणीला बसेल का?"

म्हणून रजा टाकली आणि गेले.
माळ्यावर दोघं, मध्ये बंदूक,
खाली ओहोळ, बेडूक, लांब कुणाचा तरी रेडिओ.
दोन वाजता बांधाच्या झुडपात काहीतरी हललं.
त्याने नळी उचलली.
"थांब," मी म्हटलं.
तो थांबलाच होता.
माझा टॉर्च नेमका तेव्हा लागेना.
मी तळहातावर आपटला, पुन्हा आपटला.
जे काही होतं ते निघून गेलं
किंवा नुसतं बसून राहिलं.

सकाळी बंदूक पुसायला घेतली तर रिकामी.
"काडतुसं?"
"तुझ्या आईकडे," बाबा म्हणाला, दात घासता घासता.
"तांदळाच्या पिंपात. गेली तीन वर्षं.
आधी विचारते, ते काय दिसलं ते सांग.
मला सांगता येत नाही,
मग ती देत नाही."

आई चुलीपाशी होती, मागे वळली नाही.
मी विचारलं, हे मला कधी सांगितलं नाहीस?
"तू कुठे विचारलंस?
तुझ्या त्या वहीत जागा तरी आहे का?"

भाताचे चार वाफे पुन्हा लोळवलेले होते.
बाबा वाकून एकेक लोंबी
उभी करून बघत होता.